चाळीस दिवस दार उघडायचं नाही

हिरालाल पेढ्यांचा पुडा घेऊन आला तेव्हा ललिता अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. भरवेलीच्या मँगनीज खाणीत तीस वर्षं घासलेला हा माणूस, हसायचं झालं तरी आधी इकडेतिकडे बघून घेणारा. आज मात्र फाटकापासूनच हसत आला.

"जय भीम, वहिनी. गुरुजी आहेत ना घरी? आमची रचना चिल्ल्याले बसली."

ललिताच्या हातातलं सूप थांबलं.

चिल्ला हे गाणाऱ्या लोकांचं जुनं खूळ. चाळीस दिवस स्वतःला खोलीत कोंडून घ्यायचं, कोणाशी बोलायचं नाही, कोणाचं तोंड बघायचं नाही, नुसता रियाज करायचा. घरच्यांनी ताट दाराशी ठेवून निघून जायचं. चाळिसाव्या दिवशी गुरूनं येऊन दार उघडायचं, आणि त्याआधी घराला आग लागली तरी दाराला हात लावायचा नाही. असा चिल्ला ज्यानं काढला त्याच्या गळ्यात म्हणे सूर कायमचा मुक्कामाला येतो. मध्य प्रदेशातल्या या बालाघाटात आजवर एकाच माणसानं चिल्ला काढला होता, धम्मपाल गुरुजींनी. म्हणजे ललिताच्या नवऱ्यानं. आणि तो त्यांनी काढलाच नव्हता, हे साऱ्या जिल्ह्यात दोनच माणसांना ठाऊक होतं.

गुरुजी आतून बाहेर आले. बासष्ट वर्षांचे, पांढरा कुर्ता, खांद्यावर पंचा. हिरालालनं वाकून त्यांचे पाय धरले.

"बारा दिवस झाले, गुरुजी. आतून कडी लावून घेतली. ताट ठेवतो तं कधी चार घास खाते, कधी तसंच राह्यते. तंबोरा मात्र सकाळपासून चालू. तो मोबाईलमधला नाही का, तो. कॉलनीतल्या बाया दारावरून जातात तं चपला हातात घेऊन जातात."

"अन् गाणं?" ललितानं विचारलं. "गाण्याचा आवाज येते का आतून?"

"आवाज नाही येत, वहिनी. मनातल्या मनात करत असन. शेजारचे मास्टरजी सांगत होते, ये तो और ऊँची साधना है."

ललितानं नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनीही एकदा तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर तुळईकडे नेली. मग पुड्यातला एक पेढा उचलून ते म्हणाले, "होऊ द्या चाळीस. चाळिसाव्या दिवशी मी येतो अन् दार उघडतो. तोवर कोणी हात नाही लावाचा."

हिरालाल सायकलवर टांग मारून निघून गेला. पेढ्याचा अर्धा तुकडा गुरुजींच्या हातातच राहिला होता.

सत्तावीस वर्षांपूर्वी याच माणसाचं नाव नागपूरपर्यंत गेलं होतं. बाप लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, आणि मुलगा ख्याल गायला लागला. वस्तीतून तिथल्या संगीत संमेलनाच्या मंचावर चढलेला हा पहिला माणूस. संमेलनाला ट्रकभर लोक बालाघाटाहून गेले होते. दुपारचं सत्र होतं, मुलतानी राग लावला होता, आणि दुसऱ्याच आवर्तनाला धम्मपालचा आवाज थांबला. घसा बसला नव्हता, घसा ठणठणीत होता. माणूसच खाली बसला. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर डोकं टेकून दोनशे लोकांसमोर हमसून हमसून रडला. विंगेत उभ्या असलेल्या कोणा आयोजकानं शेजाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, ढोलकीवरचं गाणं वेगळं, ख्याल पेलायला पिढ्या लागतात. ते वाक्य धम्मपालच्या अंगात शिरलं ते आजतागायत निघालेलं नाही.

घरी आल्यावर त्यानं मागची खोली धरली. अंघोळ नाही, बोलणं नाही, ताट जसंच्या तसं परत. एका पहाटे ओळखीच्या दूधवाल्यानं त्याला वैनगंगेच्या पुलावरून हाताला धरून घरी आणून सोडलं आणि ललिताला नुसतं एवढंच म्हणाला, "भाभी, इन को अकेला मत छोड़ना." त्याच दिवशी तिनं गळ्यातलं विकलं आणि नवऱ्याला नागपूरच्या मनोरुग्णालयात नेऊन भरती केलं. बेचाळीस दिवस.

शेजारच्या मैनाबाईनं विचारलं, धम्मपालभाऊ दिसत नाही कुठं. ललिता तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती, डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि तोंडातून निघून गेलं, "चिल्ल्याले गेले. गुरूच्या घरी." हा शब्द तिनं नवऱ्याच्याच तोंडून कधीतरी ऐकला होता. दोन दिवसांत तो सगळ्या वॉर्डात झाला. धम्मपाल परत आला तो हाडांचा सापळा होऊन, हळू बोलत, जड डोळ्यांनी. आणि लोकांनी त्यालाच तेज समजून पाय धरले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ तर लोकांनी हार घालून पुजली.

पुढे विचारणा झाली की गुरुजी मंचावर का गात नाहीत. तेही ललितानंच निस्तरलं. चिल्ल्यात नेम धरला, म्हणाली, शिष्य तयार होईस्तोवर मंचावर गाणार नाहीत. लोकांना हे तर फारच आवडलं. त्याग म्हटलं की आपल्याकडे कोणी पुढं विचारत नाही. तेव्हापासून ललिता दर महिन्याला गाडीनं गोंदियाला जाते, कारण बालाघाटच्या मेडिकलात चिठ्ठी दाखवली की संध्याकाळपर्यंत गावभर होईल. त्या गोळ्या घरात घशासाठीच्या मुलेठीच्या डब्यात असतात. गुरुजींची गायकी त्यांच्या गुरूची, आणि कीर्ती बायकोच्या हातची, असा हा संसार.

रचना त्यांच्याकडे नवव्या वर्षापासून शिकत होती. आता चोवीस वर्षांची. तिच्यासारखा गळा गुरुजींनाही नव्हता, हे ते स्वतःच म्हणायचे. गेल्या हिवाळ्यात मात्र ती शिकवणीला यायची आणि तंबोरा मांडीवर घेऊन नुसतीच बसून राहायची. एकदा म्हणाली, "सा लावाले जाते तं छातीवर कोणी बसल्यावानी होते, गुरुजी. तुम्हाले कधी झालं का असं?"

आणि गुरुजी म्हणाले, "नाही. रियाज कमी पडते तुझा."

ललितानं हे स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. त्याच वेळी बाहेर येऊन बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. वांग्याची भाजी करपली आणि तिनं भांडं घासायला घेतलं.

आता हिरालाल गेल्यावर ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"रचना चिल्ल्याले नाही बसली. तुम्हाले माहीत आहे."

"मले काय माहीत?"

"तुम्हाले नाही तं कोणाले? तुम्ही असेच होते तेवीस दिवस. ताट मी ठेवत होती."

गुरुजी पेटीचा भाता उगीच दाबत बसले. मग म्हणाले, "मंग काय सांगू मी हिरालालले? का तुझी पोरगी पागल झाली, अन् मले ओळखता येते, काहून का मी पण होतो?"

"पागल काहून म्हणता? बिमार म्हणा."

"लोक बिमार म्हणतील? ते म्हणतील, पाहा, याइले पेलत नाही. त्या दिवशी मी एकटा रडलो होतो का? साऱ्या वस्तीले रडवलं त्याइनं माझ्या नावावर. आता ही पोरगी. दोन झाले मंग. हिशेबच संपला."

यात खोटं काही नव्हतं, तेच वाईट होतं. ललिताला त्यांची कीव आली आणि त्याच क्षणी संतापही आला.  तेवढ्यात त्यांनी शेवटचं सुनावलं.

"अन् चिल्ल्याची गोष्ट कोणी काढली होती? मी का तू?"

आपलेच दात, आपलेच ओठ. ललितानं ते रात्रभर उशाशी घेतलं आणि सकाळी ऑटो धरून भरवेलीला गेली.

खाणीच्या कॉलनीतलं क्वार्टर, भिंतींवर काळपट धूळ, आणि आतून तंबोऱ्याचा एकसारखा गुंजारव. तंबोरा मोबाईलमधला, त्याला ना दम लागतो ना भूक. हिरालाल ड्यूटीवर निघायच्या तयारीत होता. रचनाची आई पाच वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात हे दोघंच.

"दार उघडा," ललिता म्हणाली.

"वहिनी, नेम आहे ना. गुरूच उघडते दार."

"गुरुजींनीच पाठवलं मले. गुरू नाही आला तं गुरूची बायको चालते. तसा पण नेम आहे."

नेम तयार करण्यात तिचा हात कोण धरणार? हिरालालनं विश्वास ठेवला. ललितानं दारावर थाप मारली, हाक मारली, पुन्हा मारली. आतून तंबोऱ्याशिवाय काही नाही. तेव्हा तिनं हिरालालला लोखंडी सब्बल आणायला लावली आणि तीस वर्षं दगड फोडलेल्या हातांनी त्यानं डोळे मिटून कडी उखडली.

आत कोंदट वास होता. मोबाईल चार्जरला लावलेला, खाटेखाली सुकलेली पोळी आणि वरणाच्या वाळलेल्या वाट्या. खरा तंबोरा कोपऱ्यात गवसणीत होता, गवसणीवर धूळ. रचना जमिनीवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. केसांच्या जटा झाल्या होत्या. ललितानं हिरालालला चहा ठेवायला पाठवलं, दार लोटलं आणि तिच्या पाठीशी जाऊन बसली.

रचना भिंतीकडेच बघत म्हणाली, "चिल्ला सांगतला तं चाळीस दिवस कोणी येत नाही, काकू. म्हणून सांगतलं."

"अन् चाळिसाव्या दिवशी?"

"चाळिसाव्या दिवशी गुरुजी दार उघडले असते. मी नसती."

बस किती वाजता सुटते हे सांगावं तसं तिनं सांगितलं.  पुलावरून परत आणलेला नवरा ललिताला दिसला, आणि आपण सत्तावीस वर्षं जे लपवलं ते किती महाग आहे, हे तिला त्या जमिनीवर बसून पहिल्यांदा कळलं. मग तिनं काही राखून ठेवलं नाही. मुलतानी, रडणं, पूल, नागपूर, बेचाळीस दिवस, मैनाबाईला मारलेली थाप, सगळं सांगून टाकलं.

रचना कुशीवर वळली. "गुरुजी?"

"हौ."

"मी विचारलं होतं त्याइले. नाही म्हणाले."

"खोटं बोलले. अन् मी ऐकत होती."

"बरे कसे झाले मंग?"

"गोळ्याइनं. डॉक्टरनं. अन् टाईमानं. अजून घेतात, रोज."

रचना रडायला लागली. पुष्कळ रडली. रडून झाल्यावर तिनं पाणी मागितलं, आणि त्या पाण्यानं ललिताला असा आनंद झाला की लग्नातही झाला नसेल.

हिरालालला तिनं चुलीपाशी सांगितलं. चहा उतू गेला तरी त्यानं हात हलवला नाही. ओरडला नाही, रडला नाही. शेवटी विचारलं, "किती दिवस लागतील?"

"महिनाभर तं लागन."

त्यानं बोटांवर मोजलं. "तेरा झाले. सत्तावीस राह्यले. जमते."

"काय जमते?"

"चिल्ल्यात जमते, वहिनी. तेवढ्यातच आणू परत. कोणाले माहीत नाही होऊ द्याचं."

 पोरगी दवाखान्यात पोचतेय ना, मग बाप काय वाटेल ते म्हणो, असं ललितानं मनाला समजावलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत जीप करून तिघं नागपूरला गेले. रचनाला भरती केलं, औषध सुरू झालं. हिरालाल मागं आला आणि त्यानं पुढं जे केलं ते ललिताला पंधरा दिवसांनी समजलं.

त्यानं त्या दाराला बाहेरून नवी कडी बसवली होती आणि कुलूप लावलं होतं. आत रचनाचा मोबाईल चार्जरला लावून ठेवला होता. रोज ड्यूटीला जाण्याआधी तो तंबोरा सुरू करायचा, परतल्यावर बंद करायचा. निघतानाच दाराशी ताट मांडायचा, अंधार पडल्यावर ते आत नेऊन स्वतःच खायचा. कॉलनीतल्या बायका चपला हातात घेऊन एका रिकाम्या खोलीवरून जात होत्या. ललिताला हे कळलं तेव्हा तिला आधी हसू आलं आणि मग स्वतःची लाज वाटली. हे सगळं तिनंच शिकवलेलं. गुरुजींचा शिष्य तयार झाला की नाही कोण जाणे, तिचा मात्र तयार झाला होता.

नागपूरला ती दोनदा जाऊन आली. दुसऱ्या वेळी रचनाचा चेहरा माणसासारखा दिसत होता. केस कापले होते. ललितानं नेलेली शेवेची भाजी तिनं बोटं चाटून खाल्ली आणि स्वतःहून म्हणाली, "काकू, मी बरी झाली का सगळ्याइले सांगन. सभेत, माईकवर सांगन. मले जर कोणी आधी सांगतलं असतं का गुरुजीइले पण झालं होतं, तं मी दार लावलंच नसतं."

"सांगशील?"

"तुमची शपथ."

ललितानं ते वाक्य पदरात बांधून आणलं. सत्तावीस वर्षांनी कोणीतरी ते तोंड उघडणार होतं जे तिनं स्वतः शिवलं होतं. घरी आल्यावर तिनं नवऱ्यालाही सांगितलं.  त्या दिवशी गुरुजींनी जेवण अर्ध्यावर सोडलं.

चाळिसाव्या दिवशी हार-तुरे घेऊन वॉर्डातले लोक भरवेलीला गेले. रचनाला आदल्या दिवशी अंधारात आणून खोलीत बसवलं होतं. गुरुजींनी सगळ्यांसमोर कडी काढली, दार उघडलं, शिष्येच्या डोक्यावर हात ठेवला. फोटो निघाले. ललिता गेली नाही. पाय दुखतात म्हणाली, आणि घरी एकटीनंच एकच चादर दोनदा धुतली.

सभा वैशाखात होती. गुरुजींच्या विद्यालयाची वार्षिक सभा, नगरपालिकेचं सभागृह, संध्याकाळी सहाची वेळ. पहिल्या रांगेत गुरुजी, त्यांच्या बाजूला एका खाजगी शाळेच्या प्राचार्या. रचनाला त्यांच्याकडे संगीत शिक्षिकेची नोकरी लागली होती, जूनपासून रुजू व्हायचं होतं. ललिता तिसऱ्या रांगेत मैनाबाईच्या शेजारी बसली होती.  गाण्याची चिंता तिला नव्हतीच, ती माईकची वाट बघत होती.

निवेदक गजेंद्रनं सुरुवात केली, "चालीस दिन का कठोर चिल्ला, जो हमारे बालाघाट में सिर्फ दो लोगों ने काटा है, एक गुरु ने और एक शिष्या ने..." टाळ्यांनी छत हाललं.

रचनानं यमन गायला. काय गायली. ललिताला गाण्यातलं कळतं तेवढं पुरेसं होतं; स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून तिचे कान नवऱ्याइतकेच पिकले होते. हा आवाज आपण सब्बलीनं बाहेर काढलाय, असं तिच्या मनात आलं आणि तिला डोळे पुसावे लागले. गाणं संपलं, शाल-श्रीफळ झालं, गजेंद्रनं रचनाच्या हातात माईक दिला.

रचनानं ललिताकडे पाहिलं. मग पहिल्या रांगेकडे पाहिलं. गुरूचं नाव घ्यायच्या आधी लावतात तसा कानाच्या पाळीला हात लावला आणि हिंदीत म्हणाली, "मैं जो कुछ हूँ, गुरुजी की आज्ञा से हूँ. वो चालीस दिन मेरी ज़िंदगी के सबसे पवित्र दिन थे."

एवढं बोलून ती खाली बसली.

ललिताला कळलं सगळं. पागलखान्यातून आलेल्या मास्तरणीकडे कोण आपली पोरगी शिकायला पाठवतो? प्राचार्याबाई काय म्हणतील, बापानं सत्तावीस दिवस खाल्लेल्या ताटांचं काय होईल? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तो त्या पोरीलाही चुकला नाही. हे सगळं कळूनही ललिताला ते कडू लागलं. तिनं स्वतः जन्मभर हेच केलं होतं, म्हणून तर जास्त कडू.

सभा उठली. लोक गुरुजींच्या पाया पडायला रांगेनं येत होते. त्यात लालबर्रा गावचा चैतराम होता. त्याची मुलगी मयुरी दर रविवारी बसनं शिकायला यायची. एकोणीस वर्षांची, बारीक, खाली मान घालून हसणारी. गेले तीन रविवार ती आली नव्हती, हे ललिताला एकदम आठवलं.

चैतराम गुरुजींना हात जोडून म्हणाला, "गुरुजी, माझी मयुरी पण बसली चिल्ल्याले. सोळा दिवस झाले. खात नाही, बोलत नाही, गाण्याचा आवाज पण नाही येत. मले तं भेव वाटून राह्यलं होतं. दवाखान्यात नेऊ का काय, अस्सं होऊन गेलतं. आज ताईचं गाणं ऐकलं अन् जीव थंडा झाला. नाही उघडत आता दार."

ललिता उठली. खुर्च्यांमधून वाट काढत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज वाढवावा लागलाच नाही, तो आपोआप वाढला.

"आत्ताच्या आत्ता घरी जा अन् दार तोडा. पोरगी बिमार आहे तुमची. चिल्ला-बिल्ला काही नसते. हे बेचाळीस दिवस नागपूरले पागलखान्यात होते. ही रचना पण नागपूरलेच होती, दवाखान्यात. भरवेलीच्या खोलीत कोणीच नव्हतं, मोबाईल वाजत होता. जा म्हणते ना मी."

भोवतालचे लोक वळून बघायला लागले.  चैतराम बावचळून एकदा हिच्याकडे, एकदा गुरुजींकडे बघत होता.

गुरुजींना राग आला नाही. त्यांनी खांद्यावरची शाल सावरली आणि अत्यंत हळू, अत्यंत प्रेमळ आवाजात चैतरामला म्हणाले, "हिची तब्येत ठीक राहत नाही. बरेच वर्षं झाले. मनावर नका घेऊ."

किती सहज निघालं ते. ललिताला क्षणभर वाटलं, आपल्याला ऐकू आलं ते खरं नाही. मग तिला दिसलं की लोकांना ते पटलंय. चेहऱ्यांवरचा ताण उतरला होता आणि त्या जागी दया आली होती. ती बोलेल ते आता सगळं त्या दयेतच पडणार होतं.

"रचना," ती म्हणाली. "तू सांग त्याले. तू सांग, पोरी. एक डाव सांग."

रचना दोन पावलांवर उभी होती, गळ्यात हार, मागे प्राचार्याबाई. तिचे डोळे भरून आले होते. ओठ हलले. मग ती पुढं आली आणि तिनं ललिताचा दंड धरला, कोपराच्या वर, घट्ट पण दुखणार नाही असा. नागपूरच्या दवाखान्यात नर्स रोग्याला असाच धरतात.

"चला काकू," ती म्हणाली. "बसा जरा. पाणी आणू तुमच्यासाठी?"

चैतराम अजून उभाच होता. "मंग गुरुजी, दार?"

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही, रचनाकडेही नाही. "नेम आहे तो," ते म्हणाले. "होऊ द्या चाळीस."

चैतराम त्यांच्या पाया पडला आणि दाराकडे निघाला. ललितानं हात सोडवायला झटका दिला, तर दुसरा दंड हिरालालनं येऊन धरला. "शांत व्हा, वहिनी," तो म्हणाला, आणि त्याचाच आवाज कापत होता. ती ओढत राहिली, चैतरामचं नाव घेऊन ओरडत राहिली, आणि ती जितकी ओरडली तितके लोक तिला वाट देत मागं सरकले. बाहेर चैतरामची मोटारसायकल सुरू झाली आणि लालबर्ऱ्याकडे, सिवनीच्या रस्त्याला लागली.

तिला खुर्चीत बसवलं. कोणीतरी पदरानं वारा घातला. मैनाबाईनं पाण्याचा गिलास तिच्या तोंडाशी धरला आणि मागच्या बाईला हळूच म्हणाली, "बिचारी. इतके वर्षं गुरुजींनी कसं सांभाळलं असन वो हिले."